एका कोयत्यामागची स्त्री
ऊसतोड कुटुंबांतील स्त्रियांना साहाय्य करताना ध्यानात घ्यावयाच्या काही बाबी

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील वडवणी, धारूर, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतील गावांमधून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, अंथरुणे, शेळ्या-कोंबड्या आणि त्यांच्यातच कोठेतरी बसलेली लहान मुले असा हा संसार पुढील पाच-सहा महिन्यांसाठी कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील कारखान्यांकडे, काही वेळा सीमा ओलांडून कर्नाटकाकडे निघतो. गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे. हे दृश्य मराठवाड्याला नवे नाही, आणि त्यावर लिहिलेही पुष्कळ गेले आहे. प्रस्तुत लेखात या स्थलांतराचा समग्र आढावा घेण्याचा हेतू नाही. या कुटुंबांतील स्त्रीपर्यंत शासकीय साहाय्य पोहोचविताना ते नेमके कोठे आणि का अडते, एवढाच मुद्दा तपासावयाचा आहे.

अशी एखादी स्त्री शासनाच्या दप्तरात शोधू लागल्यास ती एका जागी सापडत नाही. सामाजिक न्यायाच्या योजनांत ती अनुसूचित जातीची लाभार्थी असते. ती वंजारी अथवा बंजारा समाजाची असेल तर तिचे कागद अन्य विभागाकडे असतात. अंगणवाडीच्या नोंदवहीत ती गरोदर किंवा स्तनदा माता असते. शिधापत्रिकेवर ती कुटुंबातील एक सदस्य असते. कारखान्याच्या हिशेबात मात्र ती बहुधा नसतेच, कारण करार मुकादमाशी झालेला असतो आणि मुकादमाचा व्यवहार तिच्या पतीशी. प्रत्येक विभाग आपल्या वाट्याची बाजू पाहतो आणि ती पुष्कळदा प्रामाणिकपणे पाहतो. तरीही सर्व बाजूंची बेरीज केली असता ती स्त्री पूर्णपणे हाती लागत नाही, कारण तिच्या अडचणी एकमेकींशेजारी ठेवलेल्या नसून एकमेकींत गुंतलेल्या असतात.

या गुंत्याला समाजशास्त्रात आता एक नाव मिळाले आहे. अमेरिकेतील कायद्याच्या प्राध्यापिका किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संज्ञा मांडली. मराठीत तिला ‘आंतरछेदीयता’ म्हणतात. शब्द जड आहे. खेड्यातील सभेत तो उच्चारण्याची गरज नाही. चौफुलीचा दृष्टांत पुरेसा आहे. चारही रस्त्यांवरून वाहने येत असताना मधोमध उभ्या असलेल्या व्यक्तीला अपघात झाला, तर तो अमुक एका रस्त्यावर झाला असे सांगता येत नाही. आणि प्रत्येक रस्त्याचा पहारेकरी ‘ही माझी हद्द नव्हे’ असे म्हणू लागला, तर त्या व्यक्तीला उचलावयाचे कोणी?

क्रेनशॉ यांच्यापुढे एक प्रत्यक्ष खटला होता. जनरल मोटर्स या कंपनीच्या विरोधात पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दाद मागितली होती. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतले नव्हते. पुढे कामगारकपात करताना ‘शेवटी आला तो प्रथम गेला’ हा नियम लावला, तेव्हा नंतर लागलेल्या या स्त्रियांच्याच नोकऱ्या गेल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने त्यांची एकत्रित तक्रार मान्य केली नाही. कंपनीत स्त्रिया होत्या, म्हणून स्त्री म्हणून भेदभाव नाही असे ठरले. परंतु त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कचेरीत होत्या. कृष्णवर्णीय कामगारही होते. परंतु ते पुरुष होते आणि कारखान्यात होते. दोन्ही रकाने भरलेले होते आणि या पाच जणी कोणत्याच रकान्यात बसत नव्हत्या.

संज्ञा परदेशातून आली असली, तरी विचार आपल्याकडे नवखा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. जातीच्या छळाचे वर्णन करताना या विद्यार्थिनीने आपल्या समाजातील स्त्रियांच्या बाळंतपणाचा उल्लेख आवर्जून केला. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हे तिने मांडले. जात, दारिद्र्य आणि स्त्रीचे शरीर हे तीन विषय तिने वेगळे केलेच नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात, स्त्रीच्या विवाहावरील नियंत्रणातूनच जातीची चौकट टिकते असे प्रतिपादन केले. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अस्पृश्य समाजाच्या महिला परिषदेत विवाहविषयक सुधारणांबरोबरच स्त्री-कामगारांच्या सवलतींचेही ठराव झाले. आपल्या प्रशासकीय विभागांची रचना मात्र पुढे निराळ्या वाटेने गेली, आणि या परिषदेने एकत्र मांडलेले प्रश्न निरनिराळ्या टेबलांवर वाटले गेले.

आता ऊसतोडीकडे वळू. या व्यवसायात मजुरीचे एकक ‘कोयता’ हे आहे. कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. पती आणि पत्नी मिळून एक कोयता. एकटा मजूर असल्यास तो अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम या जोडीला ‘उचल’ देतो आणि तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडावयाची असते. पुरुषाने ऊस तोडावा, स्त्रीने पाचट काढून मोळ्या बांधाव्यात, त्या डोक्यावरून वाहाव्यात आणि गाडीत भरण्यास लागावे, अशी कामाची साधारण वाटणी असते. पहाटेचा स्वयंपाक, पाणी आणि मुलांचे पाहणे हे तिच्याकडे वेगळे. रात्री-अपरात्री वाहन आले की ते भरण्यासाठी उठणे आले. या सर्व श्रमांचा मोबदला कोयत्याच्या नावाने निघतो आणि तो पतीच्या हाती पडतो. म्हणजे अर्धे काम जिचे, तिचे नाव ना मजुरीच्या हिशेबात ना उचलीच्या. कर्ज मात्र दोघांच्या अंगावर असते, कारण पती आजारी पडला किंवा वारला तरी उचल फिटावयाचीच असते.

कामावर एक दिवस गैरहजर राहिल्यास ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. येथून पुढे आरोग्याचा प्रश्न सुरू होतो. कोपीजवळ शौचालय नसते, पाणी दुरून आणावे लागते, आडोसा नसतो. मासिक पाळीत स्वच्छता राखणे कठीण, विश्रांती घेणे महाग. त्यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते. हंगामात दवाखान्यात जावयाचे म्हणजे खाडा. गावी परतल्यावर जावे तर दुखणे जुने झालेले. अशा वेळी एखाद्या खाजगी दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते आणि गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. पाळीच नको, म्हणजे खाडाही नको, असा हिशेब मग घरातही पटू लागतो. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार, २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. हा आकडा जिल्ह्यातील सर्व स्त्रियांचा होता, केवळ ऊसतोड मजुरांचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यानंतर शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांपूर्वी शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीचे बंधन आले.

हे बंधन आवश्यकच होते. परंतु प्रश्नाकडे केवळ वैद्यकीय गैरव्यवहार म्हणून पाहिले, तर परवानगीचा कागद हाच त्यावरचा उपाय ठरतो. केवळ मजुरीचा प्रश्न म्हणून पाहिले, तर टनामागे दर वाढवून भागते, आणि वाढलेला दर कोयत्याच्या नावानेच मिळतो. केवळ स्त्री-आरोग्याचा प्रश्न मानल्यास गावात तपासणी शिबिर भरते. ते जानेवारीत भरले, तर जिच्यासाठी भरले ती तीनशे किलोमीटरवर मोळी बांधत असते. वयाच्या पंचविशी-तिशीत गर्भाशय आणि त्याबरोबर बीजांडेही काढली गेलेल्या स्त्रीची हाडे लवकर ठिसूळ होतात. पुढच्या हंगामात तिला पुन्हा तेवढेच ओझे वाहावयाचे असते, ही गोष्ट कोणत्याच एका विभागाच्या अहवालात येत नाही.

जोडी हेच एकक असल्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. मुलगा कमावता व्हावयाचा तर त्याला पत्नी हवी. मुलीला मागे एकटी ठेवण्याची भीती वाटते आणि बरोबर नेली तर कोपीत तिच्या सुरक्षिततेची चिंता. दोन्ही बाजूंनी लग्न लवकर उरकण्याकडे कल होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३ टक्क्यांहून अधिक होते. बालविवाह रोखण्यासाठी गावोगाव फलक लावले जातात, मुलींच्या शपथा होतात. त्यांचा उपयोग नाही असे नाही. परंतु ज्या गावात हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले आणि सातवीतल्या मुलीला राहावयास सुरक्षित जागा मिळाली, तेथे फलकाहून अधिक काम झाले असे मानावयास हरकत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावे शासकीय वसतिगृहांची योजनाही आहे. प्रवेशाच्या याद्या मात्र गाड्या भरण्यापूर्वी झाल्या पाहिजेत. दिवाळीनंतरच्या यादीत नाव घालावयाला मुलगी गावात नसते.

ऊसतोड मजुरांत अनुसूचित जाती, वंजारी, बंजारा, धनगर, मराठा, मुस्लिम असे अनेक समाज आहेत. खानदेशातून भिल्ल कुटुंबेही येतात. कोपीतील हाल सर्वांचे सारखे दिसले, तरी गावी परतल्यावरची परिस्थिती सारखी नसते. कोणाची दोन एकर कोरडवाहू जमीन असते, कोणाच्या नावे घराची जागाही नसते. सवलत मिळावी म्हणून जातीचा दाखला मागितला जातो, आणि येथे स्त्रीची एक विशेष अडचण उभी राहते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. विवाहित स्त्रीची जात तिच्या वडिलांकडून ठरते. म्हणजे पुरावा माहेरच्या गावचा हवा. तिचे नाव लग्नानंतर बदललेले, शाळा अर्धवट सुटलेली, वडील स्वतः तोडीवर गेलेले किंवा हयात नसलेले. माहेर भटक्या जमातीचे असेल, तर १९६१ साली ते कुटुंब कोणत्या गावी उतरले होते हे कोणी सांगावे? पुरुषाला ही अडचण दारिद्र्याची आणि जातीची असते. स्त्रीला तीच अडचण लग्नामुळे दुप्पट होते. तहसील कार्यालयातील लिपिकाने ‘कागद अपुरे’ असा शेरा मारला, तर तो नियमाप्रमाणेच असतो. परंतु सासर-माहेर या दोन गावांच्या तलाठ्यांनी व मुख्याध्यापकांनी आपसांत कागद मिळवून दिले, तर त्याला कोणताही नियम आड येत नाही.

एकट्या स्त्रीची स्थिती याहून बिकट. विधवा किंवा परित्यक्ता स्त्री अर्धा कोयता ठरते आणि मुकादम अर्धा कोयता सहसा नको म्हणतो. ती कामाला गेलीच, तर भाऊ-भावजय किंवा दिराच्या आसऱ्याने, आणि हिशेब त्यांच्या हाती. टोळीत एकट्या स्त्रीला जो त्रास संभवतो त्याविषयी ती बोलत नाही, कारण पुढच्या वर्षी कोणी नेणार नाही. गावी राहिली तर निराधार अनुदानाचा आधार असतो. विधवेजवळ पतीच्या मृत्यूचा दाखला तरी असतो. परित्यक्तेजवळ आपल्याला टाकून दिल्याचा कोणता कागद असणार? २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी पती किंवा वडिलांच्या आधार क्रमांकाची जोड मागण्यात आली, तेव्हा दोघेही हयात नसलेल्या स्त्रियांचा प्रश्न निर्माण झाला आणि त्यांच्यासाठी निराळी सोय नंतर करावी लागली. नमुना तयार करताना कोणाची प्रतिमा डोळ्यांपुढे होती, हे अशा वेळी कळते. स्त्री म्हटली की तिच्यामागे पती वा पिता असणारच, हे गृहीत धरले गेले होते.

अपंगत्वाची जोड मिळाल्यास गुंता आणखी वाढतो. पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे. अत्याचारग्रस्त स्त्री जन्मांध होती आणि अनुसूचित जातीची होती. बलात्काराची शिक्षा कायम राहिली. मात्र तत्कालीन तरतुदीप्रमाणे गुन्हा जातीच्या कारणावरून झाल्याचे पुराव्याने सिद्ध न झाल्यामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा टिकली नाही. लिंग, जात आणि अंधत्व यांतील कोणत्या ‘एका’ कारणामुळे तिच्यावर आघात झाला हे सोडवून दाखविणे किती अशक्य असते, यावर न्यायालयाने नेमके बोट ठेवले आहे. हा निकाल पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समितीच्या सदस्यांनी कोणाकडून तरी समजावून घ्यावा असा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३७ मध्ये दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत दिव्यांगांसाठी पाच टक्के राखीव ठेवताना दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. ग्रामपंचायतीच्या किती लाभार्थी याद्यांत हे प्राधान्य दिसते, ते सदस्यांनी आपल्याच दप्तरात पाहावे.

पंचायत सदस्यांपुढील एक साधी गोष्ट येथे सांगावीशी वाटते. ग्रामसभा साधारणतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास घेण्याचा प्रघात आहे, आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूदही आहे. २६ जानेवारीला ऊसतोड कुटुंबे गावात नसतात. १ मेला ती नुकतीच परतलेली असतात आणि घरदार सावरण्यात गुंतलेली. राहिली १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. म्हणजे गावातील एका मोठ्या वर्गाचे म्हणणे ऐकावयास वर्षातून दोनच सभा उरतात. घरकुलांच्या याद्या, निराधारांची प्रकरणे आणि शाळेचे विषय जानेवारीच्या सभेत मंजूर होत असतील, तर ती सभा नियमाप्रमाणे झाली तरी त्या स्त्रियांपुरती झालीच नाही. असे विषय ऑगस्टच्या महिला सभेकडे नेण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. १९९३ पासून स्त्रियांना पंचायतीत राखीव जागा आहेत, आणि महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या आहेत. परंतु सरपंचबाई बागायतदार घरच्या असतील आणि सभेची वेळ सकाळी दहाची असेल, तर मजूर स्त्री त्या सभेत दिसणार नाही. हा सरपंचबाईंचा दोष नव्हे. वेळ मात्र त्यांना बदलता येते.

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या कामासाठी मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम ग्रामपंचायतींमार्फत होत आले आहे. नोंद करताना पती-पत्नींची एकच नोंद न करता स्त्रीचे स्वतंत्र ओळखपत्र निघेल, याची काळजी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी घ्यावी. तोडीचे गाव, कारखाना, मुकादमाचे नाव, गरोदरपण, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, सोबत जाणारी मुले, मागे राहणारी मुले, अपंगत्व, वैधव्य इतकी माहिती आशा स्वयंसेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्याजवळ तोंडपाठ असते. ती एका कागदावर उतरत नाही इतकेच, कारण प्रत्येकीची वही निराळी आणि प्रत्येक वहीचा वरिष्ठ निराळा.

पोळा ते दसरा हा काळ या कामाला सोयीचा आहे. या दिवसांत एखाद्या संध्याकाळी सात वाजता, मजुरी आटोपल्यावर, शाळेत बैठक घ्यावी. तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक, आरोग्य सेविका, अंगणवाडी सेविका आणि स्वस्त धान्य दुकानदार एकाच वेळी तेथे असावेत. पहिला प्रश्न स्त्रीला स्वतःला विचारावा आणि तो पतीसमोर विचारू नये. काही गोष्टी ती आरोग्य सेविकेलाच सांगेल. त्यामुळे खोली वेगळी हवी. एकाच स्त्रीचे पाच कागद अडले असतील, तर आधी कोणता सोडविल्याने पुढचे सुटतात हे पाहावे; अनेकदा तो आधारवरील नावातील फरक असतो किंवा तिच्या नावावर नसलेले बँक खाते. शिधापत्रिकेवरील धान्याचा काही भाग तोडीच्या ठिकाणी आणि उरलेला भाग गावातील वृद्धांनी उचलावा, अशी सोय ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेत आहे. हे दुकानदाराने त्या बैठकीत सांगितले तर बाहेर धान्य विकत घेण्यासाठी जादा उचल घ्यावी लागत नाही.

बैठकीत झालेल्या नोंदीची एक प्रत त्या स्त्रीजवळ राहावी आणि दुसरी ज्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात ती जाणार आहे तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राकडे व अंगणवाडी पर्यवेक्षिकेकडे दसऱ्यापूर्वी पोहोचावी. गरोदर स्त्रीच्या बाबतीत प्रसूतीचा अपेक्षित महिना त्यावर ठळक अक्षरांत लिहावा, कारण तो बहुधा डिसेंबर ते मार्च या दरम्यानचा असतो आणि तेव्हा ती कोपीत असते.